नारळाची झडती

प्रभादेवीच्या फुलवाल्याकडची टोपली ठरलेली असते. लाल जास्वंद, दूर्वांची जुडी, एखादा हार, पेढ्यांचा पुडा आणि शेंडी राखलेला नारळ. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव टिपेला पोहोचला तेव्हा या टोपलीतला नारळच आधी अडला. सिद्धिविनायक मंदिर न्यासाने ११ मेपासून नारळ, हार, प्रसाद आत आणायला मनाई केली. कारण सरळ होतं. नारळ तपासणी यंत्रातून काढला तरी त्याच्या पोटात नेमकं काय आहे याची खात्री देता येत नाही. फुलवाल्यांच्या धंद्याला फटका बसला, भक्तही कुरकुरले, आणि पोलिसांच्या बाजूने पाहिलं तर कोणाला काही बोलायला जागा नव्हती.

गंमत अशी की नारळ पूजेत आला तोच त्याच्या या बंदपणामुळे. केळं सोललं जातं, पेढ्याला हात लागतो, फुलाचा वास कोणीतरी आधीच घेतलेला असू शकतो. नारळाच्या आतल्या पाण्याला मात्र कोणी शिवलेलं नसतं. ते देवासमोर फोडेपर्यंत कोणी पाहिलेलंही नसतं. ज्या गुणामुळे तो देवाच्या पायाशी पोहोचला, नेमक्या त्याच गुणामुळे तो दारावर संशयित ठरला.

देवळात जाताना सामान किती असावं, हा प्रश्न प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकात एका ओळीत संपतो: बॅगा हॉटेलवर ठेवा, मोबाईल नेऊ नका, चामड्याचा पट्टा टाळा. तरी त्या ओळीच्या मागे एक जुनं भांडण आहे. मराठी घरात मुलांना वळण लावताना सांगतात की कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. आजाऱ्याकडे नाही, लेकुरवाळ्या घरी नाही, देवाकडे तर नाहीच. संस्कृत नीतिवचनांनी राजा, देव आणि गुरू अशी तिघांची नावंच घेऊन ठेवली आहेत. इकडे दारावरची पाटी म्हणते, रिकाम्या हाताने या. आजी आणि शिपाई यांच्यात खरं कोण?

सुदाम्याची गोष्ट इथे आठवते. भागवतातल्या कथेत त्याची बायको शेजाऱ्यांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फाटक्या फडक्यात बांधून देते. द्वारकेचं वैभव पाहून सुदामा लाजतो, पुरचुंडी लपवतो. मग झडती घेतो तो कृष्ण स्वतः. द्वारपालांनी अडवल्याची प्रसंगचित्रं कीर्तनकारांनी मागाहून कितीही रंगवली तरी कथेचा जीव या दुसऱ्या झडतीत आहे. शोधणारा इथे धोका शोधत नाही, भेट शोधतो. आणि गीतेने तर देवाला काय चालतं याची यादी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर आटोपली. आजच्या कडक बंदोबस्ताच्या दारात या चारांपैकी फळ आणि पाणी दोन्ही बाहेर ठेवायला लागण्याची शक्यता बरीच आहे.

शिपायाला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. २४ सप्टेंबर २००२ ला गांधीनगरच्या अक्षरधाममध्ये दोन हल्लेखोर घुसले आणि तीसहून अधिक माणसं मारली गेली. ७ मार्च २००६ ला, मंगळवारी संध्याकाळी, हनुमानाच्या वाराची गर्दी असताना वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात स्फोट झाला. दारावरची कमान, हातातलं यंत्र, ‘बॅग उघडा’ हा रुक्ष स्वर, हे सगळं अशा दिवसांनंतर आलं. ज्या देवळात माणसं डोळे मिटून उभी राहतात तिथे कोणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेत, हे कळायला तत्त्वज्ञान लागत नाही.

दिल्लीचं अक्षरधाम नोव्हेंबर २००५ मध्ये उघडलं, गांधीनगरच्या हल्ल्यानंतर तीन वर्षांनी. तिथली व्यवस्था आजही बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोबाईल, कॅमेरा, पेन ड्राइव्ह, बॅग, बाहेरचं खाणं, सगळं बाहेर. पाकीट चालतं, पट्टा चालतो, पाण्याची बाटली चालते. सामानघर मोफत आहे, पण तिथे एक फॉर्म भरावा लागतो: नाव, फोन नंबर आणि काय काय ठेवतो आहोत त्याची यादी. इथे रांग खोळंबते. माणसं पेन हातात घेऊन स्वतःच्या पिशवीकडे परक्यासारखी बघत राहतात. चार्जर एक, पॉवर बँक एक, इअरफोन, दुसरा चार्जर (हा कशाला आणला?), गाडीची किल्ली रिमोटवाली, बिस्किटांचे पुडे तीन. आपल्या जवळ आज काय काय आहे, हे एरवी कोण लिहून काढतं? संसारी माणसाला परिग्रहाची यादी करायला लावणारी ही बहुधा एकमेव सरकारमान्य जागा असेल. इन्कम टॅक्सवाले सोडून.

यादीच्या बदल्यात टोकन मिळतं. धर्मविचाराला खरा अडथळा होतो तो या टोकनाचा.

कारण टोकन खिशात आहे तोवर वस्तू सुटलेली नसते. ती फक्त हातातून गेलेली असते. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलं नाही. त्यांनी मनाच्या गुंतण्याला, ‘मूर्च्छे’ला, परिग्रह म्हटलं. या निकषावर सामानघरात फोन ठेवून मंडपात उभा असलेला आणि पंधरा मिनिटांत चार वेळा रिकाम्या खिशावर हात फिरवणारा माणूस पूर्ण सामानासह आत आलेला आहे. फोन बाहेर आहे, मूर्च्छा आत आहे. उलट, हातात पिशवी असूनही तिचा विसर पडलेली एखादी म्हातारी बाई या हिशेबात अपरिग्रही निघेल. अर्थात व्याख्या मनाची केली म्हणून वस्तूचा वाद मिटला नाही. अंगावरचं वस्त्र परिग्रह आहे की नाही, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर परंपरा वेगळ्या राहिल्या आणि दोन हजार वर्षांच्या आसपास हा प्रश्न कोणी निकालात काढलेला नाही. दिगंबर मुनीजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढंच असतं. विमानतळावर त्यांची झडती कशी घ्यावी हा पेच येत नाही, कारण ते पायीच जातात.

सामानाची मर्यादा कशी ठरवावी, याची बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, एक गोष्ट आहे. ती सुरक्षेचे नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धांना वाटेत भिक्षू दिसले. डोक्यावर चिवरांचं, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रांचं, गाठोडं, खांद्यावर गाठोडं, कमरेला गाठोडं. घर सोडलेली माणसं, पण ओझं संसाऱ्यासारखं. बुद्धांनी लगेच नियम काढला नाही. वैशालीला गोतमक चैत्यापाशी, ऐन थंडीच्या रात्री, ते उघड्यावर एक चीवर अंगावर घेऊन बसले. रात्रीचा पहिला प्रहर सरला तेव्हा थंडी वाजली, त्यांनी दुसरं चीवर घेतलं. मधला प्रहर सरल्यावर तिसरं. शेवटचा प्रहर सरून तांबडं फुटताना चौथं. मग हिशेब झाला: थंडीला भिणाऱ्या कुलपुत्रालाही एक दुहेरी संघाटी, एक उत्तरासंग आणि एक अंतरवासक पुरतील. तीन वस्त्रं. पुढे परंपरेत भिक्षूच्या आठ वस्तू ठरल्या: ही तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचं फडकं. आजच्या विमानतळावर यातला वस्तरा काढून घेतील आणि सुईकडे संशयाने पाहतील, ते सोडा.

या गोष्टीत पाहण्यासारखं हे की नियम करणाऱ्याने आधी स्वतःच्या कातडीवर थंडी मोजली. मर्यादा संशयातून आली नाही, गरजेच्या मापातून आली. दारावरच्या पाटीचं तसं नसतं. तिला समोरच्या माणसाला काय लागतं हे ठाऊक नसतं. तो काय करू शकेल, एवढंच तिला विचारायचं असतं. म्हणून इन्सुलिनची पेटी, तान्ह्याचं दूध, दमेकऱ्याचा पंप यांच्यासाठी दर वेळी वेगळी हुज्जत घालावी लागते. सुरक्षेची यादी लिहिणाऱ्यांनी एकदा तरी, ऐन मे महिन्यात, सत्तरीच्या माणसाला बरोबर घेऊन, पाण्याच्या बाटलीवाचून तीन तास रांगेत उभं राहून पाहावं. यादी बदलेल.

आता ज्या ठिकाणी सामान हीच पूजा असते तिथे काय करायचं? केरळात शबरीमलाला जाणारा भक्त डोक्यावर ‘इरुमुडी’ घेतो. आपल्याकडच्या पडशीची ती सख्खी बहीण: एकच कापड, दोन कप्पे. पुढच्या कप्प्यात देवाचं, मागच्यात स्वतःच्या वाटखर्चाचं, तांदूळ-डाळ वगैरे. वाट चालता चालता मागचा कप्पा रिकामा होत जातो, पुढचा तसाच राहतो. पुढच्या कप्प्यात मुख्य वस्तू म्हणजे तुपाने भरलेला नारळ. डोळा पाडून आतलं पाणी काढतात, तूप ओततात, बूच घट्ट बसवतात. एक्केचाळीस दिवसांचं व्रत पाळायचं, मग ही गाठ बांधायची. अठरा पवित्र पायऱ्या चढायचा अधिकार ज्याच्या डोक्यावर इरुमुडी आहे त्यालाच. म्हणजे इथे दारावरचा नियम अगदी उलटा आहे: सामान नसेल तर मुख्य वाटेने प्रवेश नाही. वर पोहोचल्यावर नारळ फोडतात, तूप अभिषेकाला जातं आणि करवंटी बाहेरच्या अग्निकुंडात टाकतात. तूप हा जीव आणि करवंटी हा देह, असा अर्थ भक्त सांगतात.

हा नारळ विमानात कसा न्यायचा? विमानवाहतुकीच्या नियमांत सुकं खोबरं धोकादायक मालात मोडतं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांक आहे आणि वर्ग आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांचा. कोकणातून खोबऱ्याच्या वाट्या पिशवीत घालून निघालेल्या कित्येकांना हा धडा विमानतळावर मिळालेला आहे. अख्खा नारळही केबिनमध्ये चालत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २० जानेवारी २०२५ पर्यंत सवलत दिली. एक्स-रे, स्फोटकांचा माग काढणारी तपासणी आणि हाताने झडती, या तिन्हींतून गेल्यावर इरुमुडीतला नारळ बरोबर नेता येईल, असं ठरलं. निर्णय छोटा, मुदतीचा, पण त्यामागे मोठी समज आहे. नारळ तोच. भाजीच्या पिशवीतला असेल तर सामान, इरुमुडीत बांधलेला असेल तर यात्रा.

शिखांच्या कृपाणाबाबत ही समज थेट घटनेतच लिहिली आहे. कलम २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणं आणि बाळगणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे. धर्मस्वातंत्र्याच्या कलमात नाव घेऊन आलेली ही एकच वस्तू. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येतं, मात्र पातं सहा इंचांपेक्षा आणि एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा जास्त नको. श्रद्धा इंचात मोजली म्हणून कोणी नाक मुरडेल. पण मोजपट्टी आणि श्रद्धा एका वाक्यात बसवणं हेच तर लोकशाहीत करावं लागणारं काम आहे, आणि सहा-नऊ इंचांचा हा तोडगा बराचसा टिकला आहे.

सगळीकडे असा तोडगा निघत नाही. जेरुसलेममध्ये पश्चिमी भिंतीच्या वरच्या अंगाला जो चौथरा आहे, मुस्लिमांचा हरम अल-शरीफ आणि ज्यूंचं टेंपल माउंट, तिथे बिगरमुस्लिम प्रवाशांना मुघराबी दरवाजाने जावं लागतं. तिथल्या तपासणीत चाकूबरोबर प्रार्थनेची पुस्तकं आणि पूजेच्या वस्तूही वर्षानुवर्षं थांबवल्या जात आल्या आहेत, कारण १९६७ नंतरच्या व्यवस्थेत चौथऱ्यावर प्रार्थनेचा हक्क मुस्लिमांचा, इतरांना फक्त भेटीची मुभा. खाली भिंतीच्या फटींत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या खोचलेल्या असतात आणि वर जाताना तसाच कागद अडतो. तिथल्या पहारेकऱ्याला स्फोटकांइतकीच भीती अर्थाची वाटते. हलकं सामान इतकं हलकं असावं लागतं की त्यात देवाचं नावसुद्धा नको. हा नियम शांततेसाठी आहे हे मान्य करूनही तो समाधानकारक आहे असं म्हणवत नाही.

सामान हलकं करण्याच्या कौतुकात आणखी एक गोष्ट झाकली जाते: ते गेलं कुठे? आषाढीच्या वारीत वारकरी हातात टाळ, खांद्याला पताका, एखादी शबनम एवढ्यावर चालताना दिसतो. बाया डोक्यावर तुळशीवृंदावन घेतात, आणि ते ओझं आहे असं त्यांच्यापैकी कोणी म्हणणार नाही. पण वळकट्या, तंबू, भांडी, शिधा हे सारं दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी गेलेलं असतं, आणि तंबू ठोकणारे, चुली पेटवणारे हात तिथे आधीच राबत असतात. वैष्णोदेवीच्या चढावर पिट्ठूच्या पाठीवर आणि खेचरांवर हा भार जातो. काशीच्या गल्ल्यांत तो दुकानदाराकडे जातो. ‘लॉकर फुकट’ असं तो हाक मारून सांगतो आणि त्या फुकटाची किंमत प्रसादाच्या टोपलीत धरलेली असते. आपला खांदा मोकळा झाला म्हणून अपरिग्रह साधला असं मानणाऱ्याने ट्रकच्या मागच्या फळीकडे एकदा पाहून घ्यावं.

आणि झडतीचा इतिहास नुसता पिशव्यांचा नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आत नाही. त्यांच्या हातात काय होतं ते कोणी तपासलं नाही. त्यांचा जन्म तपासला गेला. मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. त्रावणकोरात त्याच्या साडेदहा वर्षं आधी, १२ नोव्हेंबर १९३६ ला, महाराजांनी मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा काढला होता. शबरीमलाच्या पायऱ्यांवर स्त्रीचं वय आजही वादात आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेशाचा हक्क दिला आणि पुढे फेरविचाराच्या अर्जांतून निघालेले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. या पार्श्वभूमीवर धातुशोधक कमानीला एक श्रेय द्यायलाच हवं. ती आडनाव विचारत नाही. अनेक शतकांनंतर देवळाच्या दारात सर्वांना सारखाच संशय वाट्याला आला आहे. समता अशा उंबरठ्यावरून येईल असं संतांना वाटलं नसेल.

मग आजी आणि शिपाई यांच्या भांडणाचा निकाल काय? दोघांचंही ऐकणारी देवळं आहेत. वैष्णोदेवीला गुहेपाशी नारळ आत नेऊ देत नाहीत. तो काउंटरवर द्यायचा, टोकन घ्यायचं, दर्शन झालं की टोकन दाखवून नारळ प्रसाद म्हणून परत घ्यायचा. भक्त रिकाम्या हाताने आत जातो तरी रिकाम्या हाताने आलेला नसतो. हाच मार्ग सिद्धिविनायकाला किंवा दुसऱ्या कोणत्याही देवळाला अशक्य नाही. सरसकट बंदीपेक्षा तो शहाणपणाचा आहे.

तिरुमलाला मोबाईल आणि चपला जमा करून टोकन घेतात, आणि कल्याणकट्ट्यावर केस द्यायला जाणाऱ्यालाही टोकन मिळतं. फरक इतकाच की दुसऱ्या टोकनावर कोणत्या न्हाव्याकडे जायचं ते लिहिलेलं असतं. परत काय मिळणार ते नाही. केस पुढे देवस्थान लिलावात विकतं, पैसा संस्थानाकडे जातो, आणि ज्याने दिले तो गुळगुळीत डोक्यावर चंदन लावून रांगेत उभा असतो. दोन टोकनं, दोन्ही एकाच खिशात. पहिल्यातली वस्तू विसरू नये म्हणून जपायचं, दुसऱ्यातली विसरावी म्हणून द्यायची. आपण देवळात आणलेल्या प्रत्येक वस्तूपुढे हे विचारता येतं: हिचं टोकन कोणतं?

मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूतल्या सगळ्या देवळांत मोबाईलबंदीचा आदेश दिला, त्यात सुरक्षेइतकंच देवळाच्या पावित्र्याचं कारण होतं. शिर्डीच्या समाधी मंदिरात, अयोध्येत, काशी विश्वनाथात फोन आत जात नाही. फोन गेला की त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट लॉकरमध्ये जाते, ती कोणाच्या लक्षात येत नाही: पाठ नसलेले नंबर. गर्दीत चुकलेल्या आजोबांना गावाचं नाव, कुलदैवत, हॉटेलच्या दारातलं झाड सगळं सांगता येतं. मुलाचा नंबर येत नाही. पूर्वीच्या यात्रेकरूच्या कनवटीला दोन नाणी आणि पत्त्याचा चिटोरा असायचा. तेवढी सोय अजूनही करता येते. निघायच्या आदल्या रात्री घरातल्या प्रत्येकाच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी, औषधांबरोबर डॉक्टरांचा कागद ठेवावा, आणि नारळ विकत घ्यायच्या आधी तो आत जाईल का, हे फुलवाल्याला न विचारता दारावरच्या शिपायाला विचारावं.